छोट्या पोलीस विभागासाठी गस्ती रायफली: मर्यादित अर्थसंकल्पातील नियोजन

प्रस्तावना

भारतात पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. एखाद्या ठाण्याला कोणती शस्त्रे मिळणार हे राज्यपातळीवर ठरते. ठाण्याचे प्रभारी अधिकारी स्वतः रायफल विकत घेत नाहीत. अमेरिकेतील रचना वेगळी आहे. तेथे बहुतेक शहरांचा व अनेक लहान गावांचाही स्वतंत्र पोलीस विभाग असतो. त्याचा खर्च स्थानिक परिषद मंजूर करते आणि खरेदीचा प्रस्ताव विभागप्रमुख मांडतो. अशा स्थानिक विभागांपैकी जवळपास निम्म्यांत दहापेक्षा कमी पूर्णवेळ अधिकारी आहेत. इतक्या छोट्या विभागाने गस्तीसाठी रायफली घ्यायच्या ठरवल्या तर पैशाचे नियोजन कसे करावे, हे या पाठात पाहू.

१. गस्ती रायफलीची गरज कोठून आली?

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूड भागात दोन दरोडेखोरांनी बँक लुटली. त्यांच्या अंगावर चिलखत होते आणि हातात स्वयंचलित रायफली होत्या. गस्तीवरील पोलिसांकडे पिस्तुले व शॉटगन होत्या. त्यांच्या गोळ्या चिलखत भेदू शकत नव्हत्या. चकमक सुमारे ४४ मिनिटे चालली आणि काही पोलिसांना जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या. दोन वर्षांनी, २० एप्रिल १९९९ रोजी, कोलंबाइन शाळेतील हत्याकांड घडले. विशेष पथकाची वाट न पाहता प्रथम पोचलेल्या पोलिसांनीच आत शिरावे, असा विचार त्यानंतर रुजला. विशेष पथकाचे शस्त्र मानली जाणारी रायफल त्यामुळे गस्तीच्या गाडीत आली.

पिस्तुलाने २५ यार्डांपलीकडे अचूक नेम धरणे सामान्य अधिकाऱ्याला अवघड जाते. रायफल खांद्याला टेकते, दोन्ही हातांत स्थिर राहते, म्हणून तिचा नेम लांबवर टिकतो. चुकलेली प्रत्येक गोळी कोणाच्या तरी घराच्या दिशेने जाते. म्हणून अचूकता हा नागरिकांच्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

२. रायफल मिळवण्याचे मार्ग

(अ) थेट खरेदी. ५.५६ मि.मी. किंवा .२२३ काडतुसाची अर्धस्वयंचलित रायफल हा सर्वांत रूढ पर्याय आहे. सुटे भाग सहज मिळतात आणि दुरुस्ती सोपी असते.

(आ) लष्कराचा अतिरिक्त साठा. १९९७ आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यातील कलम १०३३ अन्वये ही योजना चालते. रायफल फुकट मिळते, पण वाहतूक, देखभाल व सुरक्षित साठवण यांचा खर्च विभागाचा. मालकीही लष्कराकडेच राहते. दरवर्षी मोजदाद द्यावी लागते आणि गरज संपली की शस्त्र परत करावे लागते. जुनी एम-१६ए१ मिळाली तर तिची २० इंची नळी गाडीत अडचणीची ठरते. स्वयंचलित मारा बंद करण्यासाठी फेरफारही करावे लागतात.

(इ) अनुदान. केंद्रीय न्याय विभागाचे बर्न अनुदान पोलिसांच्या साधनसामग्रीसाठी वापरता येते. अनुदान मुदतीचे असते, रायफलीचा सराव मात्र दरवर्षी लागतो, हे विसरू नये.

(ई) अधिकाऱ्याची स्वतःची रायफल. काही विभाग ठरवलेल्या नमुन्याची वैयक्तिक रायफल वापरू देतात किंवा पगारातून हप्ते कापून ती घेऊन देतात. यात विभागाचा पैसा वाचतो. पण शस्त्राची तपासणी, काडतुसाची निवड आणि फेरफारांना बंदी यांचे नियम लेखी असले पाहिजेत.

(उ) जुन्या शस्त्रांची अदलाबदल. जुनी पिस्तुले विक्रेत्याला देऊन नव्या रायफलींच्या किमतीत सूट घेता येते. ही जुनी शस्त्रे पुढे खुल्या बाजारात जाऊ शकतात. तो निर्णय परिषदेसमोर उघडपणे मांडावा.

३. खर्चाचे उदाहरण

१२ अधिकारी आणि ४ गस्ती गाड्या असलेला एक विभाग घेऊ. पुढील दर केवळ हिशेब समजण्यासाठी गृहीत धरले आहेत.

• रायफल: १२ × ९०० = १०,८०० डॉलर
• नेमयंत्र, दिवा, पट्टा, मॅगझिन, पेटी: १२ × ५०० = ६,००० डॉलर
• गाडीतील कुलूपबंद कप्पे: ४ × ४०० = १,६०० डॉलर
• पहिले प्रशिक्षण (प्रत्येकी ५०० काडतुसे व १६ तास; काडतूस ५० सेंट, तास ३५ डॉलर): ३,००० + ६,७२० = ९,७२० डॉलर
• पुढील चार वर्षांचा सराव (प्रत्येकी वर्षाला ४०० काडतुसे व १६ तास): ४ × (२,४०० + ६,७२०) = ३६,४८० डॉलर

पाच वर्षांची बेरीज ६४,६०० डॉलर होते. त्यात रायफलींची किंमत १०,८०० डॉलर, म्हणजे सुमारे एक षष्ठांश. सर्व रायफली फुकट मिळाल्या तरी ५३,८०० डॉलरांचा खर्च उरतोच. म्हणून प्रस्तावाची सुरुवात रायफलीच्या किमतीपासून करू नये. वर्षाला सरावाचे किती तास व किती काडतुसे परवडतील हे आधी ठरवावे आणि त्यावरून रायफलींची संख्या काढावी.

४. काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

गाडीमागे एक सामाईक रायफल ठेवली तर वरील उदाहरणात ८ संच, म्हणजे ११,२०० डॉलर वाचतात. मात्र नेमयंत्र एकाच्या नजरेला जुळवलेले असते. दुसऱ्याच्या हातात गोळी थोडी वेगळ्या जागी लागू शकते. शिवाय प्रशिक्षण सर्वांनाच द्यावे लागते. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने जावे: पहिल्या वर्षी सहा अधिकाऱ्यांना स्वतंत्र रायफल व पूर्ण प्रशिक्षण द्यावे, प्रत्येक पाळीत त्यांपैकी किमान एक असेल असे पाहावे, आणि उरलेल्यांना दुसऱ्या वर्षी घ्यावे. शेजारच्या विभागांशी मिळून चांदमारीचे मैदान, प्रशिक्षक व शस्त्रदुरुस्ती करणारा आर्मरर वाटून घेता येतो. काडतुसे एकत्र मागवल्यास दरही कमी पडतो.

पट्टा आणि दिवा मात्र वगळू नयेत. पिस्तूल म्यानात ठेवता येते. रायफलीला पट्टा नसेल तर बेड्या घालताना ती ठेवायची कोठे? आणि अंधारात समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय गोळी झाडता येत नाही. सरावातही एक बाब शिकवावी लागते. नेमयंत्र नळीच्या सुमारे अडीच इंच वर असते, त्यामुळे अगदी जवळून झाडलेली गोळी नेमापेक्षा दोनेक इंच खाली लागते. ओलीस धरलेल्या माणसाच्या बाबतीत हे अंतर जीवघेणे ठरू शकते.

५. शस्त्र असूनही अपयश

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथील शाळेत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. काही मिनिटांतच रायफलधारी पोलीस इमारतीत होते. पुढे विविध दलांचे मिळून ३७६ अधिकारी जमले, तरी हल्लेखोराला ठार करण्यास ७७ मिनिटे लागली. तेथे नेतृत्व, स्पष्ट आदेश आणि सरावातून येणारी तयारी कमी पडली.

आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात रेल्वे पोलिसांकडे .३०३ रायफली व लाठ्या होत्या. त्यानंतर नव्या शस्त्रांची चर्चा खूप झाली. पण राम प्रधान समितीने दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे गोळीबाराचा सराव होत नसल्याचीही नोंद केली होती. तो मुद्दा शस्त्रखरेदीइतकाच महत्त्वाचा आहे.

सारांश

रायफल एकदाच घ्यावी लागते, सराव दरवर्षी करावा लागतो. सरावाची तरतूद मंजूर झाल्याशिवाय खरेदीचा आदेश देऊ नये. तरतूद सहा जणांपुरतीच असेल तर रायफलीही सहाच घ्याव्यात.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात काडतुसाचा दर ७० सेंट धरून पाच वर्षांचा खर्च पुन्हा काढा.
२. लष्करी साठ्यातील फुकट रायफल व बाजारातील नवी रायफल यांची तुलना करा.
३. तुमच्या राज्यातील पोलिसांच्या शस्त्रखरेदीचा निर्णय कोणत्या पातळीवर होतो? त्यात सरावाच्या खर्चाचा विचार कोणी करावा, यावर आपले मत लिहा.