एक शब्द बदलला, तर न्याय बदलतो का?

पोलिसांचे वागणे न्याय्य आहे की नाही, हे लोक कशावरून ठरवतात? थेट विचारले, तर बहुधा सावध उत्तरे मिळतात. म्हणून समाजशास्त्रज्ञ काल्पनिक प्रसंगांचा आधार घेतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पीटर रॉसी यांनी रुजवलेली ही पद्धत जर्मनीतील संशोधकही वापरतात.

समजा, प्रसंग असा आहे : रात्री दहा वाजता रेल्वे स्थानकावर पोलीस एका तरुणाला थांबवून ओळखपत्र मागतात. काही प्रतींत त्याचे नाव जर्मन असते, काहींत तुर्की. काहींत पोलीस कारण सांगतात, काहींत सांगत नाहीत. कोणाला कोणती प्रत मिळेल, हे चिठ्ठी काढावी तसे ठरते. बाकी मजकूर तोच राहतो. त्यामुळे दोन गटांच्या उत्तरांत पडणारे अंतर त्या बदललेल्या शब्दाचे मानता येते.

ही रीत आपल्याला परकी नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील खासगी कंपन्यांना समान पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक होता तो नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांना प्रतिसाद कमी मिळाला. तेथे मालकांची कृती मोजली गेली, येथे सामान्यांचे मन मोजले जाते.

टॉम टायलर यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की लोक केवळ निकाल पाहत नाहीत. आपले म्हणणे ऐकले गेले का, मानाने वागवले का, हेही पाहतात. मात्र केवळ सौजन्य म्हणजे न्याय नव्हे. २०१० मध्ये कासेलहून फ्रँकफुर्टकडे जाणाऱ्या गाडीत एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला पोलिसांनी ओळखपत्र मागितले. निवड करताना त्वचेचा रंग पाहिल्याचे पोलिसाने न्यायालयात मान्य केले. कोब्लेंझच्या प्रशासकीय न्यायालयाने तरीही ती कृती योग्य ठरवली. अखेर २९ ऑक्टोबर २०१२ रोजी वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने ती जर्मन संविधानाच्या कलम ३ शी विसंगत असल्याचे स्पष्ट केले.

येथेच या पद्धतीची मर्यादा कळते. काल्पनिक प्रसंग लोकांचे मत सांगतो; पोलिसांनी प्रत्यक्षात काय केले, हे सांगत नाही. शिवाय बहुसंख्यांना एखादी तपासणी रास्त वाटली, म्हणून ती रास्त ठरत नाही. संवैधानिक नीतिमत्ता उपजत नसते, ती जोपासावी लागते, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते.

तरीही आपल्या घरी अशा सर्वेक्षणाचे पत्र आले, तर ते बाजूला टाकू नये. आपण उत्तर दिले नाही, तर आपल्या मुलांचा अनुभव त्या आकड्यांत उतरणार नाही. आणि ऐकीव गोष्टीवर न विसंबता स्वतः पारखून घ्यावे, या तथागतांच्या शिकवणीनुसार एक प्रयोग आपण घरीही करावा. त्या प्रसंगात प्रथम आपला मुलगा कल्पावा, मग एखादा निर्वासित तरुण. आपले उत्तर दोन्ही वेळा सारखेच येते का, हे प्रामाणिकपणे पाहावे. समतेची मागणी करणाऱ्यांनी ही परीक्षा आधी स्वतः द्यायला हवी.

जय भीम! नमो बुद्धाय!