दार ‘धप्प’ वाजलं म्हणजे गाडी मजबूत? हॅचबॅक घेण्याआधी हे वाचा

पारावरचा वाद ठरलेला : स्विफ्ट पळते भारी, पण पत्रा पातळ! कोणी बोनेट दाबून दाखवतो, कोणी दार आपटून आवाज ऐकवतो. पण त्यावरून मजबुती कळत नाही.

बाहेरचा पत्रा म्हणजे नुसतं आवरण. धडकेत जीव वाचवतो तो आतला सांगाडा. पुढचा भाग चेपून धक्का शोषतो. माणसं बसतात तो भाग मात्र शाबूत राहायला हवा. त्यामुळे बोनेट चुरगळलं म्हणून गाडी कच्ची ठरत नाही.

हे क्रॅश टेस्टमध्ये कळतं. गाडी ताशी ६४ किमी वेगाने अडथळ्यावर आदळवतात. ग्लोबल एनकॅपमध्ये २०२० साली टाटा अल्ट्रोझला ५ स्टार मिळाले, तर २०२२ साली स्विफ्टला १. मात्र २०२२ मध्ये नियम आधीपेक्षा कडक झाले होते. म्हणून स्टारसोबत चाचणीचं सालही बघा. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे.

सेकंड हँड गाडी घेताय? दाराच्या पिलरला वेल्डिंग केलंय का, हे ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. आणि स्टार कितीही असोत, सीटबेल्ट लावा. मागे बसणाऱ्यांनीही!