कोंबडीच्या गळ्याखालची गाठ

बाजारात जिवंत कोंबडी घेताना जाणकार गिऱ्हाईक आधी तिच्या गळ्याखाली हात लावून पाहते. तेथे दाण्याची पिशवी असते. टिपलेला दाणा तिच्यात साठतो, भिजतो आणि मग हळूहळू पेट्यात जाऊन दळला जातो. पेठ वडगाव परिसरात परसात दहा-पंधरा गावठी कोंबड्या पाळून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या आमच्या बंधू-भगिनींनी ही परीक्षा जरूर शिकून घ्यावी.

संध्याकाळी पिशवी भरलेली असणारच. सकाळी डालगे उघडल्यावर, दाणा टाकण्यापूर्वी ती रिकामी लागली पाहिजे. चेंडूसारखी टणक लागली तर आत काहीतरी अडकले आहे असे समजावे. लांब गवत, काथ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा ही नेहमीची कारणे. आमच्याकडे त्यात सुताची भर पडते. शेजारी इचलकरंजीचे माग, घरोघरी शिलाई मशीन. झाडून अंगणात टाकलेले धागे कोंबडी किडा समजून गिळते आणि आत त्यांचा गुंता होतो. अशा कोंबडीला दिवसभर दाणा देऊ नये, पाणी ठेवावे. खाण्याच्या तेलाचे चार थेंब चोचीत सोडून पिशवी हलक्या हाताने चोळावी. दुसऱ्या दिवशीही गाठ तशीच राहिली तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. घरी ब्लेड चालवू नये.

पिशवी मऊ, पाण्याने भरलेली आणि तोंडाला आंबट वास असेल तर आत बुरशी वाढलेली असू शकते. काहीजण कोंबडी उलटी धरून पाणी काढतात. ते पाणी श्वासनळीत जाऊन कोंबडी हातातच मरते, म्हणून हा उपाय करू नये.

मात्र पाण्याने भरलेली पिशवी हे मानमोडीचेही लक्षण असते. सोबत हिरवट-पांढरी हगवण, धाप, वाकडी मान दिसली तर तेल चोळत बसू नये; ती कोंबडी ताबडतोब वेगळी करावी. मानमोडीवर औषध नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीचे इंजेक्शन. एका कुपीत पुष्कळ मात्रा असतात आणि पाण्यात मिसळल्यावर ती फार वेळ टिकत नाही. त्यामुळे गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एकाच दिवशी लस आणावी, बर्फाच्या थर्मासमधून. खर्चही वाटला जातो.

आता व्यापाऱ्यांसाठी दोन शब्द. आजारी कोंबडी घाईने बाजारात खपवण्याची चाल आम्हाला मान्य नाही. दोष लपवून विकलेल्या मालाचा पैसा कसला, हे आपल्या लोकांना सांगायला नको. शिवाय त्याच बाजारातून पाटीत घालून आणलेली नवी तलंग तोच रोग आपल्या खुराड्यात आणते. नवी कोंबडी निदान पंधरा दिवस वेगळी ठेवावी. एकाच वेळी अनेक कोंबड्या पटापट मेल्या तर दवाखान्याला कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले, आणि दूरदूरच्या दुकानदारांचीही विक्री बसली.