कोरोनाचं किट खरं सांगतंय का, हे ठरवतं कोण?

आज सुरुवात हिवरे बाजारपासून. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव दरवर्षी आधी पाणी मोजतं, त्याचा ताळेबंद मांडतं आणि मगच कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतं. मे 2021 मध्ये हेच गाव कोरोनामुक्त झालं म्हणून बातम्यांत आलं. तिथंही सूत्र तेच होतं: तपासा, रुग्ण लवकर शोधा, वेगळं ठेवा.

पण एक गोष्ट बघा. विहिरीची पातळी गाव स्वतः मोजू शकतं. टेस्ट किट बरोबर सांगतंय का, हे गाव कसं तपासणार? आणि चुकून 'निगेटिव्ह' आलं, तर माणूस बिनधास्त घरी जाणार आणि आजीच्या शेजारी जेवायला बसणार.

इथं पुण्याची गोष्ट येते. 2020 च्या सुरुवातीला मायलॅब या खासगी कंपनीने आरटी-पीसीआर किट बनवायला घेतलं. विषाणूशास्त्रज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या टीमने ते सहा आठवड्यांत पूर्ण केलं, तेही मीनलताईंचं बाळंतपण तोंडावर आलेलं असताना. पण कंपनीने 'आमचं किट चांगलं' म्हणून भागत नाही. ते पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत तपासणीला गेलं. कुठला नमुना पॉझिटिव्ह आणि कुठला निगेटिव्ह, हे आधीच माहीत असलेले नमुने अशा सरकारी संस्थेकडे असतात. किटचं उत्तर त्यांच्याशी जुळवून बघायचं. निकाल शंभर टक्के जुळले. मग केंद्रीय औषध नियंत्रकांची, म्हणजे सीडीएससीओची परवानगी मिळाली. आयात किटने एका टेस्टला साधारण 4,500 रुपये लागायचे, इथं 1,200.

म्हणजे कामाची वाटणी अशी: बनवणार खासगी कंपनी, तपासणार सरकारी प्रयोगशाळा, परवाना देणार नियंत्रक. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. कमी धोक्याच्या ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्य देतं, सी आणि डीचा केंद्र. हृदयाची कृत्रिम झडप डीमध्ये येते.

मग सगळं बिनचूक झालं का? नाही. एप्रिल 2020 मध्ये बाहेरून आलेली रॅपिड अँटिबॉडी किट्स राज्यांना वाटली गेली. परवानगी त्यांनाही होती. राजस्थानने तक्रार केली, निकालांत मोठी तफावत दिसली आणि 27 एप्रिलला आयसीएमआरने दोन कंपन्यांची किट्स वापरणं थांबवायला सांगितलं. धडा सरळ आहे: परवानगी मिळाली म्हणजे तपासणी संपली असं नाही. वापरणाऱ्याची तक्रार हाही तपासणीचाच भाग आहे. त्यासाठी देशात 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो.

म्हणून ग्लुकोमीटर घ्या की बीपी मशीन, खोक्यावरचा परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत बघा, फोटो काढून ठेवा. आकडे विचित्र वाटले तर डॉक्टरांना दाखवा आणि तक्रार करा. अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह आली पण लक्षणं आहेत? मग आरटी-पीसीआर कराच.

पाणी मोजणारं गाव आधी मोजपट्टी नीट आहे का ते बघतं. आपणही बघूया. भेटू पुढच्या भागात!