आशेरची मुलगी सेरह

महसूल खात्यात माझी बरीचशी नोकरी वारस नोंदी करण्यात गेली. त्यामुळे कुठलीही वंशावळ हातात आली की मी आधी मुलींची नावं शोधते. बायबलमध्ये ती सहज सापडत नाहीत. अमक्याचा मुलगा तमका, असं पानंच्या पानं चालतं.

उत्पत्तीच्या 46व्या अध्यायात म्हातारा याकोब दुष्काळातून मिसरला, म्हणजे इजिप्तला निघतो. त्याच्या कुटुंबाची यादी आहे, एकूण 70 माणसं. त्यात त्याचा मुलगा आशेर याचे चार मुलगे आणि ‘त्यांची बहीण सेरह’. याकोबाच्या नातींपैकी नाव फक्त हिचंच. तिचं लग्न कुणाशी झालं, तिनं काय केलं, अक्षरही नाही.

मग गणना ग्रंथाचा 26वा अध्याय. याकोबाचे वंशज मिसरमधल्या गुलामीतून सुटून वर्षं लोटलीत आणि यार्देनेकाठी, मवाबाच्या मैदानात त्यांचा पुढारी मोशे शिरगणती घेतोय. मोजायचे ते वीस वर्षांवरचे, लढाईला जाण्याजोगे पुरुष. आशेर वंशाचे भरले 53,400. पण हा आकडा येण्याआधीच मध्ये एक ओळ : आशेरच्या मुलीचं नाव सेरह. लष्करी यादीत बाईचं काय काम? त्याच अध्यायात सलाफहादच्या पाच मुली आहेत, पण त्यांना भाऊ नव्हता आणि जमिनीचा प्रश्न होता. सेरहला तर चार भाऊ! अशी नोंद आमच्याकडे ‘खुलासा करावा’ असा शेरा घेऊन परत आली असती.

खुलासा केला तो ज्यूंच्या धर्मपंडितांनी, म्हणजे रब्बींनी. शास्त्रात एकही शब्द वायफळ नसतो, ही त्यांची श्रद्धा. मिसरमधला मुक्काम बायबलच्याच हिशेबानं 430 वर्षांचा. नाव आधीच्या यादीत आहे आणि नंतरच्याही, तेव्हा बाई तेवढी जगलीच असणार! मग कथा आल्या. मेला असं समजलेला मुलगा योसेफ मिसरमध्ये जिवंत आहे हे याकोबाला एकदम सांगितलं तर धक्का बसेल, म्हणून तिनं ते वाद्याच्या सुरावर गाऊन सांगितलं आणि त्यानं तिला अमरत्वाचा आशीर्वाद दिला. पुढे मिसर सोडताना योसेफच्या अस्थी न्यायच्या होत्या, तसं वचनच होतं. शवपेटी कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. रब्बींचा ग्रंथ तालमूद सांगतो, मोशे सेरहकडे गेला, कारण त्या पिढीतली तीच उरली होती. तिनं नाईलमधली जागा दाखवली.

मला सर्वांत आवडते ती रब्बी योहानानची गोष्ट. तिसऱ्या शतकातले हे थोर गुरू शिष्यांना सांगत होते, मिसरमधून सुटताना समुद्र दुभंगला तेव्हा पाण्याच्या भिंती जाळीसारख्या दिसत होत्या. एवढ्यात सेरह डोकावली. म्हणाली, मी तिथे होते, त्या उजळलेल्या खिडक्यांसारख्या होत्या. गुरूंना भर वर्गात अशी दुरुस्ती, आणि ती लिहून ठेवणारेही रब्बीच. याचं मला फार कौतुक वाटतं.

ती जिवंतपणीच स्वर्गात गेली, असं एक परंपरा मानते. इराणमध्ये इस्फहानजवळ पीर बकरान इथे मात्र तिची कबर दाखवतात आणि तिथले ज्यू पिढ्यान्‌पिढ्या यात्रेला जात आलेत. दोन्ही एकदम खरं कसं, हे तिथे कुणी विचारत नसावं.