खेळाडूचा पेशा व औषधाची मात्रा

मुलगा अभ्यासांत बरा असून मैदानावर विशेष चमकूं लागला, म्हणजे सुशिक्षित घरांत एक नवीनच काळजी उत्पन्न होते. खेळ करमणुकीपुरता असतो तोंवर आईबाप कौतुक करतात. पण चिरंजीव ‘मी खेळाडूच होणार’ असें म्हणूं लागले, कीं ‘यानें पोट भरेल काय?’ हा प्रश्न निघतो. प्रश्न रास्त आहे. रेल्वे, लष्कर व सरकारी कंपन्या नामांकित खेळाडूंस नोकऱ्या देतात, तेव्हां त्याचें उत्तरहि अगदींच निराशाजनक नाहीं. परंतु याहून निकडीचा असा दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या घरांतून क्वचितच विचारला जातो. आमच्या यवतमाळच्याच एका तरुणाच्या उदाहरणानें तो वाचकांपुढें मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे.

आकाश चिकटे याचा जन्म यवतमाळ येथें १९९२ सालीं झाला. हॉकीच्या खेळांत त्यानें गोलरक्षकाची जागा पत्करली. ही जागा मोठी कठीण. पुढच्या फळींतील खेळाडूच्या दहा चुका लोक विसरतात. गोलरक्षकाची एकच चूक फलकावर लिहिली जाते. शिवाय खेळणारा गोलरक्षक एका वेळीं एकच; दुसऱ्यानें बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहावयाची. भारतीय संघांत श्रीजेशसारखा कीर्तिमान गोलरक्षक असतां आकाशच्या वांट्यास हेंच आलें. २०१६ च्या ऑक्टोबरांत मलेशियांतील क्वांतान येथें आशियाई चँपियन्स करंडकाचा अंतिम सामना पाकिस्तानशीं व्हावयाचा होता. श्रीजेश जायबंदी झाल्यामुळें गोल राखण्याचें काम आकाशकडे आलें, आणि भारतानें तो सामना ३-२ असा जिंकला.

पुढील वर्षीं, ६ डिसेंबर २०१७ रोजीं, भुवनेश्वरच्या कलिंग मैदानावर जागतिक हॉकी लीगचा उपांत्यपूर्व सामना बेल्जमशीं झाला. बेल्जमचा संघ म्हणजे आदल्या वर्षींच्या ऑलिंपिकमधील रौप्यपदकाचा मानकरी. वेळ संपली तेव्हां ३-३ अशी बरोबरी होती. अशा प्रसंगीं एकेका खेळाडूनें एकट्यानें चेंडू घेऊन यावयाचें, आठ सेकंदांत गोल करावयाचा, व गोलरक्षकानें एकट्यानें त्यास अडवावयाचें, असा नियम आहे. या झुंजींत आकाशनें बेल्जमच्या खेळाडूंस थोपवून धरलें व भारत विजयी झाला. त्या स्पर्धेंत भारतास कांस्यपदक मिळालें. आकाश त्या वेळीं पंचवीस वर्षांचा होता.

यानंतर अवघ्या तीन महिन्यांत चित्र पालटलें. २०१८ च्या फेब्रुवारींत, राष्ट्रीय संघाच्या शिबिरांत घेतलेल्या त्याच्या मूत्राच्या नमुन्यांत नॉरअँड्रोस्टेरोन हा पदार्थ आढळला. नॅन्ड्रोलोन नांवाच्या औषधाचा हा शरीरांत राहणारा अवशेष होय. हें औषध डॉक्टर रोग्यांसहि देतात. परंतु त्यानें स्नायूंचें बळ वाढतें, म्हणून खेळाडूंस तें सर्वथा वर्ज्य आहे. मार्चांत त्याच्यावर तात्पुरती बंदी आली, आणि ऑक्टोबरांत ती दोन वर्षांची ठरली. त्यानें तो पदार्थ हेतुपुरस्सर घेतला नव्हता, हें शिस्तपालन मंडळानें मान्य केलें. तरीहि शिक्षा टळली नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस भुवनेश्वरच्या त्याच कलिंग मैदानावर हॉकीची विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हां आकाश बंदींत होता.

हेतु नसतां शिक्षा कां, असें वाचकांच्या मनांत येईल. या बाबतींतील जागतिक नियम असा आहे, कीं खेळाडूच्या शरीरांत जें सांपडेल त्याची जबाबदारी त्याची स्वतःची. कोणीं दिलें हा प्रश्न मागाहूनचा. अशा द्रव्याबद्दल सामान्यतः चार वर्षांची बंदी असते. हेतु नव्हता असें सिद्ध झाल्यास ती दोन वर्षांवर येते. नियम कठोर खरा. पण ‘मला ठाऊक नव्हतें’ एवढ्यावर सुटका होऊं लागली, तर लबाड व भोळा यांत निवड करणेंच अशक्य होईल.

बास्केटबॉलच्या खेळांतहि याचा दाखला आहे. पंजाबांतील बल्लोके या खेड्यांतला सात फुटांहून उंच सतनामसिंग २०१५ सालीं अमेरिकेच्या एन.बी.ए. या धंदेवाईक संघांच्या वार्षिक निवडींत ५२ वा निवडला गेला. हा मान मिळविणारा तो पहिलाच भारतीय. पुढें त्याच्या नमुन्यांत हायजेनामाइन हें द्रव्य आढळलें व २०२० च्या डिसेंबरांत त्यासहि दोन वर्षांची बंदी जाहीर झाली. हें द्रव्य कांहीं वनस्पतींत निसर्गतःच असतें. ‘झाडपाल्याचें औषध, त्यानें काय बिघडणार ?’ असें म्हणणाऱ्या आपल्या घरांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

खेळाडूचा पेशा फार तर दहा-पंधरा वर्षांचा. वकिलाचीं दोन वर्षें वायां गेलीं, तर तीं उतारवयांत भरून निघतात. खेळाडूचीं गेलेलीं दोन वर्षें परत येत नाहींत. म्हणून ‘पोट भरेल काय ?’ याच्या जोडीस ‘याच्या पोटांत काय जातें, तें वाचून कोण पाहतो ?’ हा प्रश्न आईबापांनीं विचारावा. दुखणें आलें तर आपण खेळाडू आहों हें डॉक्टरांस प्रथम सांगावें. वर्ज्य पदार्थांची यादी दर वर्षीं नवी निघते, ती पाहावी. औषध टाळतांच येत नसेल, तर नियमांत पूर्वपरवानगीची सोय आहे, तिचा उपयोग करावा. शक्तिवर्धक चूर्णें व डबे मित्रांच्या सांगण्यावरून घेऊं नयेत. दिलेल्या औषधाची चिठ्ठी जपून ठेवावी.

छंदःशास्त्रांत एक मात्रा चुकली तर वृत्त बिघडतें, एवढेंच. ती ओळ पुन्हां लिहितां येते. औषधाच्या मात्रेचें तसें नाहीं. आपल्या घरांत वाचनाची परंपरा आहे. मुलास खेळण्याची हौस व अंगीं गुण असेल, तर त्यास खुशाल खेळूं द्यावें. मात्र घरांत शिकविलेलें तें वाचन औषधाच्या बाटलीवरचीं बारीक अक्षरें वाचण्याच्या कामींहि लावावयास शिकवावें.