शस्त्रसंग्रहातील पाते आणि बंदूक : आकर्षणाचे स्वरूप

धारदार शस्त्रे जमविणारा संग्राहक आणि बंदूक बाळगणारा परवानाधारक यांच्या प्रेरणा सकृद्दर्शनी सारख्या वाटतात. तथापि त्यांत मूलभूत भेद आहे. प्रस्तुत लेखात भारताच्या, विशेषतः दख्खनच्या संदर्भात या भेदाचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट

१८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीसह तलवार व खंजीर यांचाही समावेश केला होता. १९५९ च्या कायद्याने दोहोंत स्पष्ट फरक केला. अग्निशस्त्रासाठी सर्वत्र परवाना आवश्यक ठरला. धारदार शस्त्रासाठी मात्र तो केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रापुरता मर्यादित राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाच्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. दोन वस्तूंचा संग्रह होत नाही. परिणामी बंदुकीची मालकी मुख्यतः आत्मसंरक्षण, पीकरक्षण, नेमबाजी वा प्रतिष्ठा यांच्याशी निगडित राहते.

पात्याचे आकर्षण

बंदुकीचे सामर्थ्य दारूगोळ्यावर अवलंबून असते. पाते स्वयंपूर्ण असते. शिवाय त्याची घडण डोळ्यांना थेट वाचता येते. कट्यारीची आडवी मूठ पाहताच मुठीचा सारा जोर टोकावर कसा एकवटतो, हे उमगते. फिरंग या तलवारीत युरोपीय पाते आणि दख्खनी मूठ यांचा संयोग असतो. सागरी व्यापाराचा इतिहास एकाच वस्तूत सामावतो. पोलादावरील लहरदार नक्षी धातुकाराच्या कौशल्याची साक्ष देते. संग्राहकाला मोह पडतो तो कारागिराच्या हाताचा. प्रहाराची क्षमता दुय्यम ठरते.

हा भेद निरपवाद नाही. नक्षीदार तोड्याची बंदूक हीदेखील हस्तकलाच होय. कारखान्यात एकाच साच्याची अग्निशस्त्रे निघू लागल्यावर मात्र हे अंतर वाढत गेले.

संग्रहाची जबाबदारी

वस्तू कोणाकडून, कोठून आली याची नोंद नसेल, तर संग्रहाचे ज्ञानमूल्य घटते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्यात प्रदर्शित झाली. ती साताऱ्याशी संबंधित असलेल्या जेम्स ग्रँट डफ यांच्याकडे होती. परंतु ती शिवछत्रपतींनी वापरलेलीच आहेत काय, याची खातरजमा करता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे. इतक्या प्रसिद्ध वस्तूची ही स्थिती, तर दसऱ्याला घराघरांत पुजल्या जाणाऱ्या तलवारींची काय असेल? अशी तलवार व्यापाऱ्याकडे जाते, तेव्हा घराणे, गाव आणि आठवणी तिच्यापासून तुटतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची खाजगी निर्यात रोखली आहे. स्मृतीचा ऱ्हास मात्र कोणताही कायदा रोखू शकत नाही.

निष्कर्ष

बंदुकीबाबत मालकाची नोंद शासन ठेवते. पात्याबाबत ती बहुधा कोणीच ठेवत नाही. या स्वातंत्र्यामुळेच पात्याचा संग्रह शक्य होतो आणि त्यामुळेच त्याचा इतिहासही हरवतो. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी परिसरातील घराण्यांकडील शस्त्रांची छायाचित्रे, मापे व मौखिक माहिती नोंदविल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल.